‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ (१९३२): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हॉलिवुडमधला एकच तुरुंगपट बघायचा तर कोणता, असं कुणी विचारलं की मी डोळे झाकून याचं नाव सांगते. मग तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. नाव तोंडात बसायला वेळ लागतो, म्हणून पुढे नुसतं ‘फ्युजिटिव्ह’ म्हणेन. फ्युजिटिव्ह म्हणजे फरारी. खाली शेवटासकट सगळी कथा आली आहे. आधी चित्रपट बघायचा असेल तर पहिली तीन उत्तरं वाचून थांबा आणि बघून झाल्यावर परत या.

चित्रपट कुणाचा, कधीचा?

वॉर्नर ब्रदर्सचा, नोव्हेंबर १९३२ मध्ये प्रदर्शित झालेला, कृष्णधवल बोलपट. दिग्दर्शक मर्व्हिन लरॉय, मुख्य भूमिकेत पॉल म्युनी, छायालेखन सॉल पोलिटो यांचं. लरॉय यांच्याआधी रॉय डेल रुथ यांना विचारलं होतं, पण कथा फार उदास आहे म्हणून त्यांनी नकार दिला. उदास आहे हे खरंच आहे.

चेन गँग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे तुरुंगात गेलेल्या माणसाला ‘खडी फोडायला गेला’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हे शब्दशः खरं होतं. कैद्यांच्या पायांत बेड्या ठोकायच्या, त्यांना साखळीने एकमेकांना जोडायचं आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत रस्ते बांधायला, खडी फोडायला लावायचं. साखळदंडातली ही टोळी म्हणजे चेन गँग.

याची मुळं गुलामगिरीपर्यंत जातात. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत गुलामगिरी संपली, पण त्या दुरुस्तीतच एक फट राहिली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी करून घ्यायला मुभा होती. जॉर्जिया राज्याने १८६८ पासून कैदी खाजगी ठेकेदारांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. खाणी, वीटभट्ट्या, रेल्वे, सगळीकडे कैदी राबत होते. १९०८ मध्ये कायदा करून ही भाडेपद्धत बंद केली, पण कैदी सुटले नाहीत, मालक तेवढा बदलला. आता ते कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर राबू लागले. मोटारी वाढत होत्या, चांगले रस्ते सगळ्यांनाच हवे होते आणि मजुरी फुकटात पडत होती. चेन गँगला लोकांचा पाठिंबा का होता, हे या हिशेबात दिसतं.

पाहायला जड जाईल का? मुलांबरोबर पाहावा का?

लांबी दीड तासाच्या आसपास. दक्षिणेकडच्या पहारेकऱ्यांचे उच्चार सुरुवातीला कळत नाहीत, त्यामुळे सबटायटल लावून बघा. रक्त दिसत नाही, पण मारहाण आहे आणि ती ऐकू येते. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांबरोबर मी निःसंकोच पाहीन. त्याहून लहान मुलांना शेवट झेपणार नाही.

थोडक्यात कथा काय?

जेम्स ॲलन पहिल्या महायुद्धातून पदक घेऊन परतलेला सार्जंट. घरच्यांनी त्याच्यासाठी बुटांच्या कारखान्यातली जुनी कारकुनी राखून ठेवलेली असते. त्याला मात्र पूल बांधायचे असतात. जवळच एका पुलाचं बांधकाम चाललेलं असतं, तिकडे त्याचे पाय आपोआप वळतात. शेवटी नोकरी सोडून तो कामाच्या शोधात गावोगाव भटकतो. काम मिळत नाही, खिशातले पैसे संपतात. फुटकळ निवाऱ्यात भेटलेला एक जण त्याला म्हणतो, चल, हॅम्बर्गर खाऊ घालतो. खाणावळीत गेल्यावर तो पिस्तूल काढतो आणि गल्ला उचलायला ॲलनला लावतो. गल्ल्यात जेमतेम पाच डॉलर निघतात. पोलिसांच्या गोळीने तो माणूस मरतो आणि ॲलनला दहा वर्षं सक्तमजुरी होते.

ॲलन पळतो. शिकागोत नाव उलटं करून ‘ॲलन जेम्स’ म्हणून राहतो, मजूर म्हणून लागतो आणि वाढत वाढत नावाजलेला अभियंता होतो. घरमालकीण मेरी त्याचं पत्र फोडते, गुपित ओळखते आणि त्या जोरावर त्याला लग्न करायला लावते. पुढे त्याचं हेलनवर प्रेम जडतं, तो घटस्फोट मागतो, तेव्हा मेरी पोलिसांना कळवते. शिकागोतले लोक त्याच्या बाजूने उभे राहतात, राज्य त्याला परत पाठवायला तयार नसतं. इथेच कथेची खरी गाठ आहे. दक्षिणेकडच्या राज्याचे अधिकारी येऊन शब्द देतात: स्वखुशीने परत ये, ९० दिवस कारकुनी काम कर, माफी देतो. त्याला आयुष्यभर पाठीवर नजर ठेवून जगायचं नसतं, म्हणून तो जातो.

कारकुनी मिळत नाही. सगळ्यात कडक छावणीत रवानगी होते. ९० दिवसांनी माफी नाकारतात, वर्षभर थांब म्हणतात, वर्ष झाल्यावर निर्णय बेमुदत लांबणीवर टाकतात.

यात खरं किती?

बरंच. रॉबर्ट इलियट बर्न्स नावाचा माणूस खरोखर होता. तोही महायुद्धातून परतला आणि कामाविना भटकला. १९२२ मध्ये अटलांटात आणखी दोघांबरोबर एका किराणा दुकानाच्या लुटीत तो सापडला. लूट ५ डॉलर ८० सेंट, शिक्षा ६ ते १० वर्षं सक्तमजुरी. काही आठवड्यांतच तो पळाला. शिकागोत पोचून त्याने नाव कमावलं, पण पूल बांधून नव्हे, मासिक काढून. त्याच्या मासिकाचं नाव ‘ग्रेटर शिकागो’. पुढे बायकोशी बिनसलं आणि १९२९ मध्ये त्याचा पत्ता जॉर्जियाला लागला. शिकागोतली बडी माणसं त्याच्या पाठीशी होती. तरी तो दिलेल्या आश्वासनावर विसंबून आपण होऊन जॉर्जियात परत गेला आणि त्याला पुन्हा रस्त्यावर खडी फोडायला लावलं. १९३० मध्ये तो दुसऱ्यांदा पळाला.

लपून राहत असतानाच त्याने आपली हकीकत लिहिली. ती आधी एका गुन्हेकथांच्या मासिकातून क्रमशः आली आणि १९३२ मध्ये पुस्तक निघालं. त्याचा भाऊ व्हिन्सेंट धर्मोपदेशक होता, तो खंबीरपणे पाठीशी राहिला. चित्रपटातला पाद्री भाऊ तिथून आला आहे.

पुस्तक छापून येतं, चित्रपट निघतो, आणि तो सगळा काळ लेखक कायद्याने फरारीच असतो! वॉर्नर ब्रदर्सने त्याला सल्ल्यासाठी हॉलिवुडला बोलावलं, तेव्हा तो खोट्या नावाने स्टुडिओत वावरला. थोडेच दिवस टिकला. दाराशी कुणी नवखा दिसला की जीव टांगणीला लागायचा, असं जगणाऱ्या माणसाकडून आपण बेड्या ठोकण्याची पद्धत समजून घेतो आहोत, याची त्या पटकथाकारांना जाणीव असेलच. पडद्यावर ती जाणवते.

मग चित्रपटात काय बदललं?

मोठा बदल नायकाच्या निरपराधपणाचा. बर्न्स लुटीत सामील होता. आपल्याला फसवून, धाकाने नेलं असं त्याचं म्हणणं होतं. चित्रपटातला ॲलन मात्र पूर्ण निर्दोष आहे, भुकेपोटी हॅम्बर्गरच्या आशेने गेलेला. मला हा बदल थोडा सोपा वाटतो. पाच डॉलर चोरलेल्या माणसालाही अशी शिक्षा होऊ नये, हे म्हणायला जास्त धैर्य लागलं असतं.

दुसरा बदल व्यवसायाचा, आणि तो अप्रतिम आहे. मासिकाचा संपादक पडद्यावर पूल बांधणारा झाला. दुसऱ्यांदा पळताना ॲलन ट्रक पळवतो, ट्रकमध्ये सुरुंगाची दारू असते आणि मागचे पहारेकरी अडावेत म्हणून तो पूलच उडवून देतो. आयुष्यभर ज्याला पूल उभारायचे होते त्याला जीव वाचवायला पूल पाडावा लागतो. हे बर्न्सच्या आयुष्यात घडलेलं नाही, पण त्याच्या आयुष्याबद्दल हे जितकं सांगतं तितकं एखादं भाषणही सांगणार नाही. त्याच पळण्यात त्याचा म्हातारा सोबती बॉम्बर वेल्स गोळी लागून मरतो.

सगळे ज्याच्याबद्दल बोलतात तो बेड्यांचा प्रसंग कोणता?

बेड्या किल्लीने उघडणाऱ्या नव्हत्या. लोहार घोट्याभोवती कडं ठोकून बसवायचा. पाय बाहेर यायचा नाही, कारण टाच आडवी यायची. ॲलनला एक उपाय सुचतो: कडं गोल आहे, ते ठोकून लंबगोल केलं तर टाच दाबून बाहेर काढता येईल. हे काम करायला घणाचा नेम अचूक हवा. घण जरा चुकला तर घोट्याचा चुरा.

टोळीत सबॅस्टियन नावाचा काळा कैदी असतो, घण चालवण्यात तरबेज. भूमिका एव्हरेट ब्राऊन यांची. ॲलन रुळाशी पाय टेकवून उभा राहतो. आजूबाजूला सगळे रुळांवर घण घालत आहेत, त्यामुळे एक घण रुळावर पडतोय की बेडीवर, हे पहारेकऱ्याला कळणार नाही. सबॅस्टियन घण उचलतो. पहिला घाव बसतो आणि म्युनी ओठ आवळून घेतो, आवाज काढायचा नाही. पुन्हा घण. कॅमेरा कधी घणावर, कधी चेहऱ्यावर. पार्श्वसंगीत अजिबात नाही, फक्त लोखंडावर लोखंड. किती घाव बसले ते मोजायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मध्येच मोजणं विसरले.

पुढे पळतानाचा भागही तसाच. झुडपाआड जायची परवानगी मागून ॲलन निसटतो, मागे कुत्री लागतात, तो नदीत बुडी मारतो आणि पोकळ वेताच्या काडीतून श्वास घेत पाण्याखाली पडून राहतो. पहारेकऱ्याचे पाय पाण्यात त्याच्या अगदी जवळून जातात. त्यानंतर शहरात तो दाढी करायला न्हाव्याकडे बसलेला असताना पोलीस आत येतो आणि गप्पा मारत फरारी कैद्याचं वर्णन सांगू लागतो. चेहऱ्यावर साबणाचा फेस आणि गरम टॉवेल, म्हणून ॲलन वाचतो.

छावणीतलं जगणं खरंच इतकं बारकाईने दाखवलंय?

हो, आणि मारहाणीपेक्षा हे बारकावे मनात जास्त रुततात. उन्हात खडी फोडताना ॲलन नकळत कपाळावरचा घाम पुसतो आणि पहारेकऱ्याचा ठोसा खातो. शेजारचा कैदी त्याला शिकवतो: आधी ओरडून ‘पुसतोय’ म्हणायचं, परवानगी मिळाली की मगच पुसायचा. घाम पुसायला परवानगी! खेचरांना साखळ्या घालणं आणि माणसांना साखळ्या घालणं ही दृश्यं लागोपाठ येतात.

एक कैदी आजारी पडतो, कामचुकार म्हणून त्याला वादीने फोडतात. आपल्याला मार दिसत नाही. दिसतात सावल्या आणि तो आवाज ऐकत पडलेल्या कैद्यांचे चेहरे.

बार्नी नावाचा कैदी शिक्षा भोगून सुटतो, त्याच वेळी दुसरा एक मरतो. दोघं एकाच गाडीतून बाहेर जातात. बार्नी शवपेटीवरच बसतो आणि काडी पेटवायला पेटीच्याच लाकडावर घासतो. छावणीतून बाहेर पडायच्या वाटा दोनच, हे बॉम्बरने सांगितलेलं असतं. शिक्षा संपवून किंवा मरून.

हे १९३२ मध्ये दाखवू कसं दिलं? सेन्सॉर नव्हता?

हॉलिवुडची आचारसंहिता १९३० मध्ये लिहून तयार होती, पण तिची काटेकोर अंमलबजावणी जुलै १९३४ पासून सुरू झाली. मधल्या चार वर्षांना चित्रपटांचे अभ्यासक ‘प्री-कोड’ काळ म्हणतात. ‘फ्युजिटिव्ह’ त्यातला. १९३४ नंतर याच पटकथेला मान्यता मिळणं जवळपास अशक्य होतं. कायदा खोटं बोलतो, कैदी पळतो तेव्हा प्रेक्षक कैद्याच्या बाजूने असतात, आणि पळालेला शेवटी पकडला जात नाही. यातलं काहीच पुढच्या नियमांत बसलं नसतं.

काळाचाही वाटा आहे. १९३२ म्हणजे महामंदीचा तळ. चित्रपटात ॲलन भुकेला असताना आपलं पदक गहाण टाकायला जातो. दुकानदार काही न बोलता त्याला एक खोकं दाखवतो, त्यात तसलीच पदकं ढिगाने पडलेली. त्याच उन्हाळ्यात महायुद्धातले हजारो माजी सैनिक कबूल केलेला भत्ता मागायला वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले होते आणि २८ जुलैला लष्कर पाठवून त्यांना हुसकून लावलं, त्यांच्या झोपड्या जळाल्या. नोव्हेंबरमध्ये तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला त्या पदकांच्या खोक्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

नावातून ‘जॉर्जिया’ का गळलं?

बर्न्सच्या पुस्तकाच्या नावात ‘जॉर्जिया’ होतं, चित्रपटाच्या नावात नाही. राज्याचं नाव कथेतही कुणी घेत नाही. स्टुडिओला खटल्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. ज्या ट्रूप कौंटीत बर्न्स दुसऱ्यांदा कैदेत होता, तिथल्या वॉर्डनने, म्हणजे छावणीच्या प्रमुखाने, आपली बदनामी झाली म्हणून दहा लाख डॉलरचा दावा लावला. नाव गाळूनही वर्णन कुणाचं ते त्याला बरोबर ओळखू आलं होतं.

पॉल म्युनी कोण?

तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या लेम्बर्गमध्ये (आज युक्रेनमधलं ल्विव) १८९५ मध्ये एका ज्यू नट कुटुंबात जन्मलेला अभिनेता. लहानपणापासून यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीवर वाढला. १९३२ मध्येच तो ‘स्कारफेस’मध्ये क्रूर गुंड म्हणून दिसला होता. त्याच वर्षी हा पिचलेला, सरळ माणूस. पुढे ‘द स्टोरी ऑफ लुई पाश्चर’साठी त्याला ऑस्कर मिळालं.

म्युनीला कधीकधी ‘जास्त करतो’ म्हणून नावं ठेवतात. इथे तो हात आखडून काम करतो. आपण ९० दिवसांनी सुटणार नाही हे कळतं तेव्हा तो आधी विश्वासच ठेवत नाही, मग संतापतो, मग पार मोडून पडतो. तेवढे दोन मिनिटं बघा.

काळ्या कैद्यांचं काय? चेन गँगमध्ये तर तेच जास्त होते.

हा प्रश्न विचारायलाच हवा. दक्षिणेतल्या चेन गँगमध्ये बहुसंख्य कैदी काळे होते, आणि हॉलिवुडने कथा निवडली एका गोऱ्या माणसाची. काळे आणि गोरे कैदी वेगळे ठेवले जात, हे चित्रपटात दिसतं, पण त्यावर कुणी बोलत नाही. ज्याच्या घणामुळे ॲलन सुटतो तो सबॅस्टियन मागेच राहतो. त्याला कशाबद्दल शिक्षा झाली, किती वर्षं उरली, त्याच्या घरी कोण आहे, हे आपल्याला कधीच कळत नाही. ॲलनची बेडी लंबगोल करून देण्यात त्याने केवढा धोका पत्करला होता!

बर्न्सला शिकागोतल्या प्रतिष्ठितांनी, वर्तमानपत्रांनी, शेवटी एका गव्हर्नरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, साथ दिली. त्याच रस्त्यावर राबणाऱ्या काळ्या कैद्यासाठी हे कुणी केलं नसतं. चित्रपट माझा इतका आवडता असूनही त्याची ही उणीव मला दर वेळी टोचते. तरी एक खरं, त्या काळच्या हॉलिवुडमध्ये काळ्या पात्राच्या हातात इतकं गंभीर, कौशल्याचं आणि धाडसाचं काम क्वचितच दिलं जाई. एव्हरेट ब्राऊन यांनी ते थोड्या मिनिटांत फार सन्मानाने उभं केलं आहे.

चित्रपट आल्यावर बर्न्स पकडला गेला का?

हो. चित्रपट लागल्यावर महिन्याभरातच, डिसेंबर १९३२ मध्ये, न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात त्याला अटक झाली. जॉर्जियाने त्याची मागणी केली. न्यू जर्सीचे गव्हर्नर ए. हॅरी मूर यांनी सुनावणी घेतली आणि त्याला सुपूर्त करायला नकार दिला.

एक राज्य दुसऱ्या राज्याचा कैदी असा अडवून ठेवू शकतं?

तेव्हा शकत होतं. अमेरिकेच्या घटनेनुसार फरारी आरोपी मूळ राज्याच्या हवाली करायचा असतो. पण १८६१ मध्ये केंटकी विरुद्ध डेनिसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे गव्हर्नरचं कर्तव्य असलं तरी ते पार पाडायची सक्ती संघराज्याची न्यायालयं करू शकत नाहीत. तो खटला एका गुलाम स्त्रीला पळायला मदत करणाऱ्या काळ्या माणसाचा होता. म्हणजे मुळात गुलामगिरीच्या वादातून आलेला नियम ७१ वर्षांनी एका चेन गँगच्या फरारी कैद्याला उपयोगी पडला. हा निकाल १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रद्द ठरवला. आज बर्न्सला ही वाट मिळाली नसती.

ऑस्कर मिळालं का?

नाही. मार्च १९३४ मधल्या सहाव्या सोहळ्यात सर्वोत्तम चित्रपट, सर्वोत्तम अभिनेता आणि ध्वनी अशी तीन नामांकनं होती. चित्रपटाचं पारितोषिक ‘कॅव्हलकेड’ला गेलं, अभिनयाचं चार्ल्स लॉटन यांना. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने मात्र १९३२ चा सर्वोत्तम चित्रपट म्हणून याचीच निवड केली होती. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

या चित्रपटामुळे चेन गँग बंद झाल्या, हे खरं का?

एका झटक्यात नाही. चित्रपटानंतर तेरा वर्षं बर्न्स स्वतःच कायद्याने फरारी होता, यावरूनच वेग समजतो. पण पुस्तक आणि चित्रपट मिळून एक गोष्ट नक्की झाली. चेन गँग ही दक्षिणेच्या घरातली बाब राहिली नाही, देशभर लाजेचा विषय झाली. जॉर्जियात एलिस आर्नल गव्हर्नर झाल्यावर १९४० च्या दशकात तुरुंगव्यवस्थेत सुधारणा झाल्या आणि साखळदंड गेले. अलाबामा राज्याने १९९५ मध्ये काही काळ चेन गँग पुन्हा सुरू केल्या होत्या, हेही विसरू नये.

त्या काळातले आणखी तुरुंगपट?

१९३० चा ‘द बिग हाउस’ आधी बघा. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा, दिग्दर्शक जॉर्ज हिल. गच्च भरलेला तुरुंग, दंगल, दणकट वॉलेस बीरी. पटकथेसाठी फ्रान्सिस मॅरियन यांना ऑस्कर मिळालं. लेखनासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. बोलपट नुकते आलेले असताना शेकडो कैद्यांच्या पावलांचा, ताटल्या आपटण्याचा आवाज या चित्रपटाने ज्या तऱ्हेने वापरला त्यासाठी ध्वनीचं पहिलंवहिलं ऑस्करही त्यालाच गेलं. चेन गँगवरचाच ‘हेल्स हायवे’ ‘फ्युजिटिव्ह’च्या काही आठवडे आधी आला, पण तो मागे पडला.

हे बघताना ‘दो आँखें बारह हाथ’ आठवतो. काही संबंध?

थेट संबंध नाही. शांतारामबापूंच्या १९५७ च्या त्या चित्रपटामागे, गदिमांच्या कथेमागे, औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कारागृहाचा प्रयोग होता. आटपाडीजवळची ही वसाहत १९३९ मध्ये सुरू झाली. पण आठवतो हे अगदी खरं, आणि दोन्ही लागोपाठ बघण्यासारखे आहेत. तिथे जेलर कैद्यांवर विश्वास टाकतो आणि कैदी तो राखतात. इथे कैदी सरकारवर विश्वास टाकतो आणि सरकार शब्द फिरवतं.

शेवटच्या दृश्यात दिवे चुकून गेले होते, असं वाचलं. खरं का?

शेवट असा आहे. ॲलन दुसऱ्यांदा पळून बराच काळ लोटला आहे. हेलन रात्री गाडी ठेवायला येते, अंधारातून तो हाक मारतो. निरोप घ्यायला आलोय म्हणतो. चेहरा खंगलेला, डोळे भेदरलेले, कुठे जरा खुट्ट झालं की दचकतो. ती विचारते, कुठे जाणार, पैसे आहेत का. तो मागे मागे सरकत जातो. ती शेवटचं विचारते, कसा जगतोस? तोपर्यंत अंधाराने त्याला गिळलेलं असतं. आतून उत्तर येतं: चोरी करतो.

तालमीच्या वेळी फ्यूज उडाला, दिवे गेले आणि तो अंधार मला इतका भावला की तसाच ठेवला, असं लरॉय पुढे सांगत. किस्सा छान आहे, पण पडद्यावरचा अंधार पटकथेतच लिहिलेला होता, असं पटकथेचा अभ्यास केलेले लोक सांगतात. मला दुसरं जास्त पटतं. ज्याने पाच डॉलर स्वतःहून चोरले नव्हते त्याला सरकारने चोर बनवून सोडलं. हा शेवट फ्यूजवर अवलंबून ठेवण्यासारखा नाही.

आणि बर्न्सचं काय झालं?

न्यू जर्सीने दिला नाही तरी त्या राज्याबाहेर पाऊल टाकलं की अटकेची टांगती तलवार होतीच. लग्न झालं, संसार झाला, तरी वर्षानुवर्षं हीच स्थिती. १९४५ मध्ये तो तिसऱ्यांदा जॉर्जियात गेला, पुन्हा आपण होऊन, पुन्हा एका गव्हर्नरच्या शब्दावर. या वेळी गव्हर्नर एलिस आर्नल स्वतः त्याचे वकील म्हणून माफी मंडळापुढे उभे राहिले. मंडळाने शिक्षा भोगलेल्या दिवसांइतकीच केली आणि तो मोकळा झाला. किराणा दुकानातल्या ५ डॉलर ८० सेंटना तेव्हा २३ वर्षं झाली होती. पुढे तो दहा वर्षं जगला. १९५५ मध्ये न्यू जर्सीत कर्करोगाने त्याचं निधन झालं.